लुकलुकणारा दिवा आणि न पोचलेला निरोप

1941 सालच्या विलिस जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे जमिनीतून वर आलेले असत. एकाने पुढच्या चाकांना ताकद जोडायची, दुसऱ्याने हाय (नेहमीचा वेग) की लो (कमी वेग, जास्त जोर) ते ठरवायचं. फोर व्हील ड्राइव्ह लागली आहे हे सांगणारा दिवा त्या गाडीत नव्हता आणि त्याची उणीवही कुणाला भासली नाही. दांडा सरकवताना आत दातात दात बसला की तो तळहाताला कळायचा. नाही बसला तर करकर आवाज यायचा आणि दांडा हातालाच परत ढकलायचा. ड्रायव्हरचा हात आणि ट्रान्सफर केसमधली, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीतली, सरकती बाही यांच्यामध्ये लोखंडाच्या एक-दोन कांबी, एवढंच काय ते अंतर.

त्यानंतर सोयी येत गेल्या. फोर व्हील ड्राइव्ह सोडवलेली असली तरी त्या जीपचा पुढचा अॅक्सल चाकांबरोबर फिरतच राहायचा. त्यात इंधन जायचं, आवाज व्हायचा, झीज व्हायची. म्हणून युद्धानंतर उरलेल्या जीपसाठी 1948पासून अमेरिकेत वॉर्न कंपनीने लॉकिंग हब बनवायला घेतले. गाडीतून उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांवरची चकती हाताने फिरवायची, की चाक अॅक्सलला जोडलं जायचं. पुढे उतरण्याचेही कष्ट नकोत म्हणून पुढचा अॅक्सल आतूनच जोडण्या-सोडण्याची यंत्रणा आली. कुठे ती व्हॅक्यूमवर चालते, कुठे छोट्या मोटरवर. ट्रान्सफर केसच्या दांड्याची जागा बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरच्या गोल बटणाने घेतली. 1991च्या पजेरोमध्ये मित्सुबिशीने सुपर सिलेक्ट नावाची फोर व्हील यंत्रणा आणली तेव्हा ताशी 100 किलोमीटरपर्यंतच्या वेगात टू व्हीलमधून फोर व्हीलमध्ये जाता येऊ लागलं.

यातली प्रत्येक सोय चांगलीच होती. पण दर सोयीगणिक हात आणि दातांच्या मध्ये एकेक निरोप्या येऊन बसला. बटण कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाला सांगतं, मॉड्यूल रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला), रिले मोटरला. मोटर आतली बाही सरकवते. तिकडे पुढच्या अॅक्सलसाठी मॉड्यूल सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) सांगतं, सोलेनॉइड व्हॅक्यूमची वाट मोकळी करतो आणि तो व्हॅक्यूम पडदा ओढून जोड बसवतो. एवढ्या हातांतून गेलेलं काम पार पडलं की नाही, हे आता तळहाताला कळण्याची सोय उरली नाही. म्हणून उलट दिशेने निरोप आणणारे सेन्सर आणि स्विच बसवावे लागले आणि त्या सगळ्यांच्या शेवटी डॅशबोर्डवर दिवा आला. आपल्या तळहाताला जे आपोआप कळत होतं, ते कळवण्याची जबाबदारी आता त्या दिव्यावर आहे.

मला हे इतकं मुळापासून सांगावंसं वाटतं, कारण जुन्या एसयूव्हीचा हा दिवा लुकलुकायला लागला की ‘फोर व्हील गेली’ असं सर्रास म्हटलं जातं, आणि दिवा ते म्हणतच नसतो. मॉड्यूलकडे फक्त दोन गोष्टी असतात: ड्रायव्हरने काय मागितलं आणि सेन्सरने काय कळवलं. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत दिवा लुकलुकतो, बसला की स्थिर होतो. बराच वेळ बसला नाही तर काही गाड्यांत तो लुकलुकतच राहतो, काहींत दुरुस्तीची सूचना देणारा वेगळा दिवा लागतो. याचा अर्थ एवढाच, की मागितल्याची पोच आलेली नाही. काम झालंच नसेल, किंवा काम होऊनही पोच वाटेत हरवली असेल. या दोन शक्यता वेगळ्या केल्याशिवाय एकही भाग बदलू नये असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडे अशी एक जुनी डिझेल एसयूव्ही आहे. फोर व्हील बटणावर, ट्रान्सफर केसला मोटर, पुढच्या अॅक्सलचा जोड व्हॅक्यूमवर. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, म्हणजे जिला पार्टटाइम म्हणतात ती व्यवस्था. चिखलाच्या एका वाटेवर बटण 4एच (फोर व्हील हाय) वर फिरवलं तर दिवा लुकलुकायला लागला आणि थांबेचना. मधूनच कधी स्थिर व्हायचा, पुन्हा लुकलुकायचा. गाडी दाखवली त्या मेकॅनिकने खाली न वाकताच निदान सांगितलं, “साहेब, ट्रान्सफर केसची मोटर गेलीय. बदलून टाकू.” मोटर खरंच गेलेलीही असू शकते. पण जाते ती नेहमी मोटरच, असं समजायला आधार काय? मी गाडी घेऊन परत आलो.

कशालाही हात लावण्याआधी दिवा नीट बघावा. लाल दिवा गाडी थांबवायला सांगतो, नारिंगी लक्ष द्यायला, हिरवा किंवा निळा फक्त अमुक चालू आहे एवढं सांगतो. ही रंगांची भाषा जगभरात साधारण सारखीच आहे. फोर व्हीलच्या दिव्याबरोबर एबीएसचा आणि ट्रॅक्शन कंट्रोलचाही दिवा लागला असेल, तर ट्रान्सफर केसकडे वळूच नये. चाकाच्या वेगाचा एखादा सेन्सर बंद पडलेला असण्याची शक्यता तिथे जास्त. गरजेप्रमाणे आपोआप जोडली जाणारी फोर व्हील याच सेन्सरांवर अवलंबून असते. चाकांच्या वेगाची खात्री नसेल तर ती स्वतःहून बाजूला होते.

बॅटरीही आधीच बघून घ्यावी. गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली कोसळत असेल तर मॉड्यूल गोंधळतात आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे दिवे एकदम लागतात. जुन्या गाडीत दिव्यांची अशी जत्रा भरली की मी आधी बॅटरीची टोकं घासून घट्ट करतो.

बटण फिरवण्याचीही एक रीत असते आणि ती मालकपुस्तिकेत लिहिलेली असते. 4एच साठी गाडी सरळ रेषेत, बेताच्या वेगात हवी. 4एल (फोर व्हील लो) साठी बहुतेक गाड्यांत ती जवळपास थांबलेली आणि गिअर न्यूट्रलला लागतो. अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर मॉड्यूल मागणी बाजूला ठेवतं आणि दिवा लुकलुकत राहतो. तो बिघाड नव्हे.

पार्टटाइम गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट घडते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. दोन अॅक्सलमधलं अंतर 2.7 मीटर धरा आणि मागच्या अॅक्सलचा मध्य 6 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो आहे असं समजा. पुढच्या अॅक्सलची त्रिज्या येते साधारण 6.6 मीटर. एक पूर्ण फेरी मारली तर पुढचा अॅक्सल मागच्यापेक्षा साडेतीन मीटरहून जास्त चालतो. पण 4एच मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, दोघांना फेरे सारखेच घ्यावे लागतात. मग हा फरक जायचा कुठे? चिखलात, वाळूत किंवा खडीवर चाक जरासं घसरतं आणि हिशेब तिथल्या तिथे फिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरायला तयार नसतं. फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी चालते आणि टायर धक्के देत पुढे सरकतात.

आता अशा अवस्थेत बटण 2एच (नेहमीच्या टू व्हील) वर आणलं, तर जी बाही सरकायची ती दोन्ही बाजूंच्या दाबात चिमटलेली असते. मोटर तिला ओढत राहते, ती हलत नाही, मॉड्यूलला पोच मिळत नाही आणि दिवा लुकलुकत राहतो. उपाय बिनखर्चाचा आहे. गाडी रिव्हर्समध्ये काही मीटर सरळ मागे घ्यायची, किंवा मोकळ्या जागी कच्च्या जमिनीवर न्यायची. पीळ सुटतो, खालून खट्ट असा आवाज येतो आणि दिवा विझतो. नवी मोटर बसवूनही हा दिवा विझला नसता, हे इथे ध्यानात घ्यावं.

टायरांचंही गणित याच जातीचं. पुढे 8 मिलिमीटर नक्षीचे नवे टायर आणि मागे 3 मिलिमीटरवर आलेले जुने असतील तर त्रिज्येत 5 मिलिमीटरचा फरक पडतो आणि परिघात कागदावर 31 मिलिमीटरचा. प्रत्यक्षात रेडियल टायरमध्ये तो थोडा कमी भरतो, कारण आतल्या पट्ट्याची लांबी बदलत नाही. पण सरळ रस्त्यावरही दर फेऱ्याला फरक साठत राहतो, हे खरंच. ज्या गाड्यांत फोर व्हील कायम किंवा आपोआप जोडलेली असते, त्यांच्या कपलिंगला हा फरक तापवतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो सारखेच झिजलेले आणि योग्य हवेचे असावेत. मापपट्टी घेऊन खाली बसलं की काही मिनिटांत हे तपासून होतं.

माझ्या गाडीत हे सगळं ठीक होतं. मग ऐकायचं काम सुरू झालं. इंजिन बंद, चावी ऑन, गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला. बटण फिरवायचं आणि कान जमिनीकडे. ट्रान्सफर केसची मोटर जिवंत असेल तर खालून एक-दोन सेकंद घरघर ऐकू येते आणि थांबते. घरघर आलीच नाही तर फ्यूज, रिले, बटण, मोटरपर्यंतची वायर या क्रमाने जावं. आली आणि तरीही दिवा लुकलुकतो, तर मोटरवरचा पोझिशन सेन्सर संशयित ठरतो. या सेन्सरला एन्कोडर म्हणतात. जुन्या प्रकारात तांब्याच्या पट्ट्यांवरून घासत जाणारे संपर्कबिंदू असतात. वर्षानुवर्षं घासून पट्ट्या झिजतात, मधे काळा थर साचतो आणि मॉड्यूलला मोटर नेमकी कुठे उभी आहे ते कळेनासं होतं. कित्येक गाड्यांत हा सेन्सर मोटरपासून वेगळा मिळतो, त्याच्यासाठी अख्खी मोटर बदलावी लागत नाही. माझ्या गाडीत घरघर येत होती, नेमकी आणि जोरकस. मोटरचा सेन्सरही बरोबर स्थिती सांगत होता. म्हणजे ट्रान्सफर केसपर्यंत निरोप पोचला होता आणि तिथली पोचही आली होती. प्रश्न राहिला पुढच्या अॅक्सलचा.

तिथला जोड बसतो की नाही हे बघण्याची एक जुनी चाचणी आहे, आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यात विजेचा काहीच संबंध नाही. पण आधी सुरक्षिततेचं, कारण यात माणसं जखमी होतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅकने उचलून गाडी स्टँडवर ठेवायची. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर ऑटोमॅटिक गिअर ‘पी’मध्ये असूनही गाडी घरंगळू शकते, हे पुष्कळांना माहीत नसतं. आणि काही चाकं हवेत, काही जमिनीवर असताना फोर व्हीलमध्ये इंजिन चालू करून गिअर टाकणं म्हणजे गाडी स्टँडवरून उडी मारेल याची सोय करणं.

माझ्या गाडीत पुढच्या अॅक्सलचा जोड ओढणाऱ्या डबीला, म्हणजे अॅक्च्युएटरला, दोन नळ्या आहेत. एकीतून व्हॅक्यूमने ओढलं की जोड बसतो, दुसरीतून ओढलं की सुटतो. मधे तो असेल तिथेच राहतो, त्यामुळे इंजिन बंद करून चाचणी घेता येते. गाडी जमिनीवर असताना बटण 4एच वर आणलं, गाडी थोडी पुढे-मागे केली, इंजिन बंद केलं आणि मग पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली. आता पुढचा शाफ्ट ट्रान्सफर केसमधून मागच्या शाफ्टला बांधलेला आहे आणि मागची चाकं जमिनीवर आहेत, म्हणून तो हलू शकत नाही. अशा वेळी डावं चाक हाताने फिरवलं, तर डिफरन्शियलच्या नियमाप्रमाणे उजवं चाक उलट दिशेने फिरायला हवं. उजवं फिरलं तर जोड बसलेला आहे, आणि खोटं बोलतो आहे तो पोच देणारा स्विच. उजवं निपचित राहिलं तर जोड बसलेलाच नाही आणि दिवा खरं सांगतो आहे.

माझ्या गाडीचं उजवं चाक हललं नाही.

एवढ्याशा चाचणीने निम्मी शोधाशोध संपली. दिव्यावर, त्याच्या स्विचवर, स्विचच्या वायरवर संशय घेण्याचं आता कारण उरलं नव्हतं. पुढचा प्रश्न असा, की जोड अडकला आहे की त्याला ओढणारा व्हॅक्यूमच पोचत नाही? हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप मिळतो, त्याला काट्याचा मीटर असतो. अॅक्च्युएटरच्या जोडणाऱ्या तोंडाला तो लावला, दुसरं तोंड मोकळं ठेवलं आणि दाबत गेलो. काटा चढला आणि चढला तिथेच राहिला. म्हणजे आतला रबरी पडदा फाटलेला नाही. डावं चाक जरासं हलवलं, तेव्हा दात समोरासमोर आले आणि टक्क असा स्वच्छ आवाज झाला. चावी ऑन करून पाहिली तर दिवा स्थिर. पडदा, बाही सरकवणारा काटा (फोर्क), बाही, पोच देणारा स्विच, त्याची वायर, मॉड्यूल, दिवा: सगळे ठीक आहेत हे एका झटक्यात सिद्ध झालं. एक साधं हत्यार एवढं सांगून जातं तेव्हा मनापासून आनंद होतो.

मग उलटं, इंजिनकडून खाली यायचं. पेट्रोल इंजिनमध्ये व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेतून मिळतो. डिझेलमध्ये तसा मिळत नाही म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि बहुतेक गाड्यांत तोच पंप ब्रेकच्या बूस्टरलाही (पेडल हलकं करणाऱ्या भागालाही) पुरवठा करतो. म्हणून फोर व्हीलच्या दिव्याबरोबर ब्रेकचं पेडलही कडक लागत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ब्रेक बघायचा. गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

गाडी खाली घेतली, इंजिन चालू केलं. पंपापाशी मीटर लावला, व्हॅक्यूम भरपूर. सोलेनॉइडच्या आधी लावला, भरपूर. सोलेनॉइड दोन, शेजारी शेजारी बसवलेले. बटण फिरवलं की टिक वाजत होतं आणि त्याच्या पुढच्या तोंडालाही व्हॅक्यूम येत होता. खाली अॅक्च्युएटरच्या टोकाला मात्र काटा थरथरून शून्याकडे परत यायचा. चोर सापडला होता, फक्त लपलेला होता. सोलेनॉइडपासून अॅक्सलपर्यंत जाणारी रबरी नळी इंजिनाच्या मागून, भिंतीला धरून खाली जाते. दिसतो तेवढा सगळा भाग चांगला होता. एका पट्टीने ती भिंतीला आवळलेली होती, तिथे पट्टीखाली, भिंतीकडच्या बाजूला नळी लांबट चिरली होती. इंजिनाच्या उष्णतेने रबर लाकडासारखं कडक झालेलं. इंजिन हललं की चीर उघडायची, कधी मिटायची. दिवा मधूनच स्थिर का व्हायचा, तेही उलगडलं.

बदलताना नुसता चिरलेला तुकडा न बदलता दोन्ही नळ्या पूर्ण बदलल्या. ज्या उष्णतेने एक कडक झाली तिनेच दुसरीही तेवढीच म्हातारी केली होती. नळी व्हॅक्यूमसाठी बनवलेली, जाड भिंतीचीच हवी. पातळ नळी आतल्या ओढीने चपटी होते आणि मग बाहेरून काहीही न दिसता वाट बंद पडते. मोटर जिथे होती तिथेच आहे आणि उत्तम चालते आहे.

प्रत्येकाच्या गाडीत नळीच निघेल असं मुळीच नाही. ज्यांच्या गाडीत पुढचा जोडही मोटरवर आहे, तिथे हीच चाल विजेच्या वाटेने करावी लागते, आणि तिथे एक सापळा आहे. मल्टिमीटरने कनेक्टरवर 12 व्होल्ट दिसले की वायर चांगली आहे असं समजून माणसं पुढे जातात. पण कुजलेल्या वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला प्रवाह जवळजवळ लागतच नाही. मोटरला लागतो. त्या एका तारेतून तो जात नाही. म्हणून मोजायचं ते मोटर जोडलेली आणि चालत असताना, आणि मोजायचं वायरीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात ते. अर्थिंगच्या बाजूला 0.1–0.2 व्होल्टहून जास्त हरवत असतील तर अर्थिंगचा बोल्ट सोडून, गंज घासून पुन्हा घट्ट करावा. जुन्या गाड्यांत फोर व्हीलच्या वायरी आणि कनेक्टर गाडीच्या पोटाखाली, पाणी-चिखलाच्या थेट माऱ्यात असतात. कनेक्टर उघडल्यावर आत हिरवट भुकटी दिसली तर ती साफ केल्याशिवाय बाकीच्या मोजमापांना अर्थ नाही.

स्कॅनरचं काय, असं कुणी विचारेल. स्कॅनर अवश्य लावावा, पण त्याच्याकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवावी. अमेरिकेत 1996पासून मोटारींना ओबीडी-2 (गाडीने स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवण्याची व्यवस्था) बंधनकारक झालं ते प्रदूषणाच्या कारणाने. म्हणून साधा, स्वस्त स्कॅनर इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. फोर व्हीलचं मॉड्यूल वेगळं असेल तर त्याचे कोड बऱ्याचदा ‘सी’ने सुरू होतात, आणि मॉड्यूलांमधलं बोलणंच तुटलं असेल तर ‘यू’ने, ते वाचायला त्या गाडीच्या मॉड्यूलशी बोलू शकणारं यंत्र लागतं. ‘कोड नाही’ असं स्वस्त स्कॅनर सांगतो तेव्हा अनेकदा त्याने त्या मॉड्यूलला विचारलेलंच नसतं. कोड मिळाला तरी तो सर्किटचं नाव सांगतो. पी0836 म्हणजे फोर व्हीलच्या स्विचच्या सर्किटमध्ये गडबड. त्या सर्किटमध्ये स्विच आला, वायर आली, कनेक्टर आला, अर्थिंग आलं, मॉड्यूलही आलं. कोड वाचून थेट स्विच मागवणाऱ्याने पाचपैकी एकावर पैसे लावलेले असतात.

या सगळ्यात मला मनापासून वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. जुन्या एसयूव्हींची फोर व्हील झिजून जाते त्याहून कितीतरी जास्त वेळा ती पडून राहिल्याने जाते. महिनोन् महिने बटणाला हात लागत नाही. बाही, काटा, हबमधले दात जागच्या जागी बसून राहतात, ग्रीस घट्ट होतं, ओल शिरते, गंज धरतो. आणि मग एक दिवस गाडी चिखलात रुतल्यावर आपण तिच्याकडून एका सेकंदात काम मागतो. टोयोटाच्या कित्येक फोर व्हील गाड्यांच्या मालकपुस्तिकेत महिन्यातून किमान 16 किलोमीटर फोर व्हीलमध्ये गाडी चालवावी असं लिहिलेलं असतं. पुढच्या यंत्रणेला वंगण मिळत राहावं म्हणून. इतकं सोपं आणि इतकं महत्त्वाचं वाक्य, आणि ते पान उघडणारे थोडे. पार्टटाइम गाडी असेल तर यासाठी कच्चा, खडीचा किंवा ओला रस्ता निवडावा. 4एल मध्येही अधूनमधून थोडं अंतर जावं. तिथले दात तर वर्षानुवर्षं विसरलेले असतात.

तेलाकडेही असंच दुर्लक्ष होतं. इंजिनचं ऑइल सगळे वेळेवर बदलतात, ट्रान्सफर केसचं कुणी विचारत नाही. काही ट्रान्सफर केसना ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल लागतं, काहींना जाड गिअर ऑइल. अंदाजाने घालू नये, पुस्तिकेत बघूनच घालावं. आणि आधी वरचं, तेल भरायचं बूच उघडतं का ते बघावं, मगच खालचं सोडावं. खालून तेल काढून टाकलं आणि वरचं बूच गंजून जाम निघालं, तर गाडी तिथेच उभी राहते. खालच्या बुचाच्या चुंबकावर करडा लगदा दिसला तर घाबरण्याचं कारण नाही, तो नेहमीच्या झिजेचा. बोटाला टोचतील असे लोखंडाचे कपचे दिसले तर मात्र दिव्याची चौकशी थांबवून ट्रान्सफर केस उघडायची तयारी ठेवावी.

जुनी फोर बाय फोर विकत घ्यायला निघालेल्यांसाठी एक सांगायचं राहिलं. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागून विझतात. बल्ब शाबूत आहेत हे दाखवण्यासाठी गाडी ते स्वतःच करते. बहुतेक गाड्यांत फोर व्हीलचा दिवाही त्यांत असतो; आपण बघतो त्या मॉडेलमध्ये तो असतो का, हे पुस्तिकेत आधीच पाहून जावं. असायला हवा आणि लागत नसेल, तर बल्ब काढून टाकलेला किंवा त्यावर काळी पट्टी चिकटवलेली असू शकते. विकणाऱ्याला सरळ विचारावं. मग कच्च्या जागेवर गाडी 2एच, 4एच, पुन्हा 2एच अशी नेऊन बघावी. दर वेळी दिवा थोडा लुकलुकून शांत होतो का ते पाहावं. पार्टटाइम गाडीत 4एच मध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवल्यावर जडपणा जाणवला तर पुढची चाकं खरोखर जोडली गेली आहेत. दिवा स्थिर असूनही तो जडपणा अजिबात आला नाही, तर गाडी उचलून पुढचं चाक हाताने फिरवल्याशिवाय व्यवहाराचं बोलू नये.